गनीम म्हणावे कोणाला?

ठाण्याचा मध्यवर्ती तुरुंग आपण सर्वांनी बाहेरून पाहिलेला आहे. आतून पाहिलेलेही या सभागृहात दोनचार जण असतील. आमच्या धंद्यात ते नवल नव्हे. ती वास्तू मूळची किल्ल्याची. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास हा किल्ला बांधायला घेतला, तो पुरा होण्याच्या आतच १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले, १७७४ च्या डिसेंबरात ते इंग्रजांनी घेतले आणि पुढे किल्ल्याचा तुरुंग झाला. या तुरुंगात २ मे १८४८ रोजी राघोजी भांगरे यांना फाशी देण्यात आले.

या तारखेवरूनच आजचा विषय निघाला. आमच्या संघटनेच्या अभ्यासवर्गाने एका वर्षी कामगार दिनाला जोडून, दुसऱ्या दिवशी राघोजींची पुण्यतिथी येते म्हणून, जिल्ह्यातल्या लढवय्यांचे एक छोटे प्रदर्शन भरवण्याचे ठरवले. चित्रे जमली, पुठ्ठे कापून झाले, आणि अडले ते नावाखाली काय लिहायचे यावर. एकाने 'आद्य क्रांतिकारक' लिहिले. दुसरा, जो वाचणारा होता, त्याने इंग्रजी अमदानीतल्या जुन्या गॅझेटियरचे टिपण पुढे केले. त्यात टोळी, लूट आणि दरोडा हेच शब्द होते. तिसरा मुरबाडकडचा, महादेव कोळी समाजातला तरुण. तो म्हणाला, "आमच्याकडे नुसते राघोजीचे बंड म्हणतात. दरोडा कोणी म्हणत नाही आणि क्रांतीही कोणी म्हणत नाही." चौथ्याने तोडगा काढला की इंग्रजी 'गेरिला' लिहावे, म्हणजे कोणाचाच आक्षेप राहणार नाही. त्यावर कोणी तरी 'गेरिला की गोरिला' असे विचारले, हशा पिकला आणि ती बैठक तिथेच मोडली.

आम्ही मात्र घरी जाऊन कोश उघडला. आमचे शिक्षण शाळेत फार झालेले नाही; शब्द अडला की कोश उघडायचा एवढीच आमची विद्या. पण या एका शब्दाने आम्हांला पुढे कित्येक महिने फिरवले. राजाच्या हजेरीपटावर नाव नसताना जो शस्त्र धरतो, त्याला काय म्हणायचे, हा प्रश्न साधा नाही. त्या शब्दावर माणसाचा जीव टांगलेला असतो.

आधी त्या इंग्रजी शब्दाची हकीकत सांगतो, कारण तिचा एक धागा आपल्या दख्खनमधून जातो. शब्द मूळचा स्पॅनिश. त्या भाषेत 'गेर्रा' म्हणजे युद्ध. त्याला लहानपणाचा प्रत्यय लावून 'गेरिया' झाले, म्हणजे लहानशी लढाई. लिहिण्यात 'एल'ची जोडी असल्यामुळे इंग्रजांनी त्याचे 'गेरिला' केले. १८०८ साली नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये शिरल्या, तिथल्या राजाची खडी फौज कोलमडली, आणि मग शेतकरी, धनगर, पाद्री, चोरटा माल नेणारे असे लोक डोंगरात राहून फ्रेंचांची रसद तोडू लागले. स्पॅनिश भाषेत असल्या लढवय्याला 'गेरिएरो' म्हणतात आणि 'गेरिया' हे त्यांच्या लढाईचे किंवा टोळीचे नाव. इंग्रजांनी घाईत लढाईचे नाव उचलून माणसाला चिकटवले, आणि तसेच ते जगभर गेले.

इंग्रजीत हा शब्द रूढ झाला तो १८०९ पासून, स्पेनमधल्या इंग्रज सेनापतीच्या पत्रांतून. हा सेनापती म्हणजे आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या असईच्या रणात शिंदे-भोसल्यांचा पराभव करणारा तो हाच. त्याच्याही आधी, १८०० साली, तो कर्नाटकात धोंडजी वाघाच्या पाठीवर होता. धोंडजी वाघ हा टिपूच्या पदरी राहिलेला, टिपूच्या कैदेतून श्रीरंगपट्टण पडल्यावर सुटलेला मराठा घोडेस्वार. स्वतःला तो 'उभयलोकाधीश्वर' म्हणवीत असे; म्हणजे इहलोक आणि परलोक दोन्ही त्याच्याच सनदेवर! वेलस्लीने त्याला लुटारू ठरवून महिनोन् महिने पाठलाग केला आणि सप्टेंबर १८०० मध्ये ठार केले. त्याच्या लहान मुलाचा सांभाळ मात्र केला, हेही सांगितले पाहिजे. तर असा हा गृहस्थ. तुंगभद्रेच्या काठी बिनसनदी स्वार दिसला तर तो दरोडेखोर, आणि नऊ वर्षांनी स्पेनमध्ये तसलाच बिनसनदी स्वार दिसला तर तो गेरिला आणि दोस्त. एकाच माणसाची लेखणी, आणि नऊ वर्षांत दोन शब्द. मधे काय बदलले? दुसरा शत्रूच्या अंगावर जात होता एवढेच.

आता आपल्या शब्दाकडे येऊ. गेरिला युद्धाला मराठीत आपण बिनदिक्कत 'गनिमी कावा' म्हणतो. शाळेतल्या मुलाला विचारले तर तो म्हणेल, शिवाजी महाराजांची युक्ती. पण 'गनीम' म्हणजे कोण? शब्द अरबी, फारशीतून आलेला; अर्थ शत्रू, लूट करणारा. 'गनिमत' म्हणजे युद्धातली लूट, आणि 'आले तेच गनिमत' असे आपण आजही म्हणतो. मराठी कागदांत गनीम म्हणजे समोरचा वैरी, मग तो मोगल असो वा आणखी कोणी. उलट मोगलांच्या फारशी तवारिखांत गनीम म्हणजे मराठे. दोन्ही बाजूंनी एकमेकांना मारलेली ही एकच शिवी. पण पुढे गंमत अशी झाली की आपण ती शिवी स्वतःच्या लढण्याच्या रीतीला लावून घेतली. पानिपताच्या मोहिमेत, १७६१ च्या आधी, तोफा आणि पलटणी घेऊन गोलाची लढाई द्यावी की 'गनिमी' लढाई करावी हा वाद आपल्याच सरदारांत झाला. भाऊसाहेबांचा भरवसा इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींवर. मल्हारराव होळकरांसारख्या जुन्या मंडळींचा कल गनिमीकडे. तिथे 'गनिमी' याचा अर्थ आपली वडिलोपार्जित रीत असा आहे. शत्रूने ठेवलेले नाव इतक्या सहजपणे घरात घेतल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला सापडत नाही.

आणि 'कावा'? आज कावा म्हणजे कपट, आणि कावेबाज म्हणजे ज्याच्याशी व्यवहार करू नये असा माणूस. मूळ शब्द घोड्याचा आहे. घोड्याला लगामावर धरून वर्तुळात फिरवतात, त्या फेऱ्याला कावा म्हणतात. हिंदीत 'कावा काटना' अजून आहे. वैऱ्याच्या जड सैन्यासमोर न येता त्याच्याभोवती फिरत राहायचे, चाऱ्याला निघालेली माणसे उचलायची, गवत जाळायचे, रसदीचे बैल वळवायचे आणि सैन्य उलटले की घाटात नाहीसे व्हायचे, अशी ती घोड्याची चाल आहे. त्यात लबाडीपेक्षा मेहनत अधिक. तंबू नाही, बाजारबुणगे नाहीत, खोगीर हीच उशी. मलिक अंबराने अहमदनगरच्या निजामशाहीसाठी याच रीतीने मोगलांना जेरीस आणले; तो १६२६ साली वारला. फारशी लेखक त्याच्या या रीतीला 'बर्गीगिरी' म्हणत.

या बर्गी शब्दापाशी आम्ही जरा थांबणार आहोत, कारण इथे आपल्याला आरशात पाहावे लागते. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार. ज्याचे घोडे आणि हत्यार स्वतःचे तो शिलेदार, आणि ज्याला घोडे सरकारी पागेतून मिळते तो बारगीर. म्हणजे आमच्या भाषेत, हत्यारे कारखान्याची असतील तो बारगीर आणि स्वतःची पेटी घेऊन येणारा फिटर तो शिलेदार. (हल्ली घरोघर जेवणाचे डबे पोचवणारी मुले स्वतःच्या मोटरसायकलवर, स्वतःच्या पेट्रोलवर धावतात. ती नावाने शिलेदार झाली आहेत, पण शिलेदाराचा मान आणि मोबदला त्यांच्या वाट्याला आलेला नाही. असो.) बारगीर हा असा हजेरीपटावरचा, पागनिसाच्या वहीतला, सभ्य शब्द आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर जाऊ लागल्या. भास्करराम कोल्हटकर त्यांचे सेनानी. १७४४ मध्ये नवाब अलीवर्दीखानाने त्यांना भेटीला बोलावून मारले. १७५१ च्या तहाने चौथाई ठरली तेव्हा स्वाऱ्या थांबल्या. या नऊदहा वर्षांत तिकडच्या विणकरांनी, शेतकऱ्यांनी जे भोगले, त्याचे वर्णन त्याच काळातल्या गंगाराम नावाच्या बंगाली कवीने करून ठेवले आहे, आणि त्या काव्याला नाव दिले आहे 'महाराष्ट्र पुराण'. बंगालमध्ये आया अजून मुलांना निजवताना बर्गी आल्याचे गाणे म्हणतात. आपला हजेरीपटावरचा शब्द तिथे मुलांना भिववणारा बागुलबुवा झाला.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. आमच्याच वर्गात एक जण म्हणाला होता, "आपल्या लोकांना लुटारू म्हणणारे सगळे परकेच." परके तर खरेच, पण बंगालचा विणकर हा मोगलही नव्हता आणि इंग्रजही नव्हता. त्याचे सूत आणि त्याचा माग गेला होता. त्याने दिलेल्या नावाला उत्तर नाही.

आपली राज्येही दुसऱ्यांना नावे ठेवण्यात मागे नव्हती. पेशवाईतला शब्द 'पुंड'. डोंगरातला कोळी नाईक सरकारचा अंमल मानीनासा झाला की पुंड. आणि तोच कामाला लागला की? जावजी बांबळे हा महादेव कोळ्यांचा नाईक. काही वर्षे त्याने पुणे दरबाराच्या फौजांना घाटमाथ्यावर दमवले, हाती आला नाही, आणि शेवटी तुकोजी होळकरांच्या मध्यस्थीने माफी मिळून त्याच डोंगरात, राजूरच्या बाजूला, तो सरकारचा अंमलदार झाला. १७८९ मध्ये वारला तो प्रतिष्ठित नाईक म्हणून. इंग्रजांनीही हाच धडा गिरवला. ज्या अमीरखानाला ते पेंढाऱ्यांचा पुढारी मानत, त्याच्याशी १८१७ च्या नोव्हेंबरात तह झाला आणि तो टोंकचा नवाब झाला. चितू पेंढारी तहाला आला नाही. तो १८१९ साली असीरगडाच्या रानात वाघाच्या तोंडी पडला. त्या दोघांच्या जमावांत फारसा फरक नव्हता. पण एकाचे वंशज गादीवर बसले आणि दुसऱ्याचे नाव पेंढारी हेच राहिले.

काही शब्द मात्र कोणी शिवी म्हणून दिलेले नाहीत. ते जमिनीतून उगवलेले आहेत. मावळातला तो मावळा, जिकडे सूर्य मावळतो त्या सह्याद्रीच्या खोऱ्यांतला. हेट म्हणजे खालचे, दक्षिण कोकण. तिथला नेमबाज पायदळी तो हेटकरी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी रानातून लढणाऱ्या फ्रेंचांना 'माकी' म्हणत, आणि माकी म्हणजे कॉर्सिका बेटावरचे दाट झुडूपरान. रानात गेला तो रानच झाला! रशिया आणि युगोस्लाव्हियातले 'पार्टिझन' पक्षाच्या शब्दावरून आले. आमचा कल विचाराल तर आम्हांला मावळा आणि माकी हे शब्द आवडतात. त्यांत निवाडा नाही, पत्ता आहे.

पण न्यायाधीशाला पत्ता पुरत नाही. त्याला निवाडा द्यायचा असतो, आणि इथे शब्द जिवावर येतो. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना १८६२ साली फ्रान्सिस लीबर या कायदेपंडिताला सरकारने विचारले की हे गेरिला पकडले तर त्यांचे काय करायचे. लीबरचे मुलगे दोन्ही बाजूंनी लढत होते. एक तर दक्षिणेकडून लढताना मारला गेला होता. त्याने टिपण लिहिले आणि पुढच्या वर्षी, १८६३ मध्ये, फौजेसाठी नियमावली तयार केली. जो गणवेश घालतो, सैन्याचाच भाग असतो पण वेगळा राहून छापे घालतो, तो पार्टिझन. त्याला युद्धकैदी माना. जो सनद नसताना छापा घालतो आणि मग घरी जाऊन नांगर धरतो, त्याला वाटमाऱ्याप्रमाणे वागवा. पुढे हेग येथे १८९९ आणि १९०७ साली राष्ट्रांनी बसून चार अटी ठरवल्या: वर जबाबदार नायक असावा, दुरून ओळखू येईल अशी खूण अंगावर असावी, शस्त्र उघड धरावे आणि युद्धाचे नियम पाळावेत. लहान देशांचे म्हणणे असे होते की ज्याच्या गावावर रणगाडा येतो, किंवा त्या काळी तोफ येई, त्याने आधी खूण शिवत बसावे काय? मोठ्या फौजांच्या देशांना ते पटेना. १८७० च्या युद्धात जर्मनांनी फ्रान्समधल्या बिनगणवेशी बंदूकवाल्यांना पकडताच गोळ्या घातल्या होत्या, त्याची आठवण दोन्ही बाजूंना होती. १९४९ चे जिनिव्हा करार आणि १९७७ ची पुरवणी यांनी ही अट थोडी थोडी सैल केली.

हे नियम राष्ट्राराष्ट्रांतल्या युद्धाचे. राघोजी भांगऱ्यांना त्यांतला एकही लागू नव्हता. १८१८ नंतर कोळी नाईकांचे किल्ले, वतने, रखवालीचे हक्क आणि त्यांवरची मिळकत इंग्रजी अमलात कमी होत गेली. जमीन सावकाराकडे वळली. राघोजींच्या बंडाचा रोख सावकारांवर होता. सावकारांची नाके कापल्याच्या हकीकती त्या काळच्या दप्तरात आहेत. १८४८ च्या जानेवारीत पंढरपुरात ते पकडले गेले, ठाण्यात खटला चालला आणि मे मध्ये फाशी झाली. युद्ध झालेच नाही असे सरकारचे म्हणणे असल्यामुळे युद्धकैदीही असू शकत नव्हता.

वासुदेव बळवंत फडक्यांच्या बाबतीत सरकारला असे म्हणणे जमले नाही. फडके शिरढोणचे, पनवेलजवळचे. तेव्हा पनवेल ठाणे जिल्ह्यात होते. लहानपणी शिक्षणासाठी काही काळ कल्याणला राहिलेले. पुण्याला लष्कराच्या हिशेब कचेरीत कारकून, म्हणजे हजेरीपट लिहिणाऱ्यांपैकीच एक. १८७६ पासूनच्या दुष्काळात त्यांनी माणसे मरताना पाहिली आणि १८७९ च्या फेब्रुवारीत रामोशी मंडळी घेऊन धामारीवर पहिला छापा घातला. मे महिन्यात त्यांच्या दौलतराव नाईकांनी पळस्प्याला लूट केली आणि घाट चढून जाताना ते मारले गेले. फडके जुलैत विजापूरच्या बाजूला सापडले. खटल्यात त्यांच्यावर दरोड्याबरोबरच राणीविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप ठेवला गेला. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, बचावाला उभे राहिले. शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची. या आरोपातली खोच पाहा. एका कारकुनाने साम्राज्याशी युद्ध केले हे साम्राज्यानेच लिहून दिले! एडनला नेण्याआधी त्यांना ठेवले ते या आपल्या ठाण्याच्या तुरुंगात. एडनच्या तुरुंगाचे दार बिजागऱ्यांवरून उचलून ते एकदा निसटले, पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच वारले.

फडक्यांबद्दल आमचा आदर मोठा आहे, पण एक गोष्ट खटकते ती बोलून दाखवतो. आपल्या आत्मचरित्रात, जे पुढे सरकारने पुरावा म्हणून वापरले, त्यांनी रामोशांबद्दल तक्रार केली आहे की या लोकांची नजर लुटीवर, देशकार्यावर नाही. आम्ही आयुष्यभर गेटसभा घेतल्या आहेत. पगार मागणाऱ्याला लोभी म्हणणे ही सुशिक्षित पुढाऱ्याची जुनी खोड आहे. रामोशांचे गडकोटांचे पहारे गेले, गावची रखवाली गेली, त्यांवरचे हक्क गेले. त्यांच्यातल्या उमाजी नाईकांना १८३२ साली पुण्यात फाशी झाली होती. म्हणजे फडक्यांच्या जन्माआधी तेरा वर्षे हे लोक सरकारशी लढत होते. घरी चूल पेटण्याची सोय करून मग लढायला या, असे त्यांना कोणी म्हणाले असते तर ते लुटीकडे बघते ना.

आता १९४२ कडे येतो, आणि आपल्या अंगणातल्या भाई कोतवालांकडे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म माथेरान, १ डिसेंबर १९१२. नाभिक कुटुंबातला मुलगा वकील झाला, माथेरानच्या नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. शेतकऱ्याला पावसाळ्यात सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठी काढली, आदिवासी आणि शेतकरी मुलांसाठी शाळा चालवल्या. ऑगस्ट १९४२ मध्ये ते भूमिगत झाले आणि कर्जत-मुरबाडच्या रानात त्यांनी 'आझाद दस्ता' उभारला. भिवपुरीसारख्या घाटपायथ्याच्या वीजघरांतून मुंबईकडे जाणाऱ्या उच्च दाबाच्या तारा याच तालुक्यांतून जात. दस्त्याचे लोक रात्री लोखंडी मनोऱ्यांचे पाय करवतीने कापीत. मनोरा कोसळला की तार तुटे आणि मुंबईचा वीजपुरवठा लंगडा होई. डोंबिवलीकरांना चोळे पॉवरहाउस आठवत असेल. रेल्वेचे, ठाकुर्लीचे, १९२९ चे. विजेवर गाड्या आणि गिरण्या कशा अवलंबून असतात हे ज्यांनी या भागात राहून पाहिले, त्यांनाच मनोऱ्याचा पाय कापण्याची कल्पना सुचू शकते. लोखंड कापणारा माणूस म्हणून आम्ही सांगतो, हातकरवतीने अँगल कापणे हे एका रात्रीचे घामाचे काम आहे, आणि तेही आवाज न करता. असे काम करणाऱ्याला रानातला वाटाड्या, भाकरी आणून देणारी बाई आणि तोंड न उघडणारे गाव लागते.

सरकारच्या कागदात याला नाव होते 'सॅबोटाज', आणि मराठी वर्तमानपत्रे लिहीत 'घातपात'. घातपात म्हणजे मुळात माणसाचा खून किंवा अपघात. तो शब्द लोखंडाच्या खांबाला लावला गेला. सॅबोटाज हा तर आमच्या चळवळीतला शब्द. कामगारांनी यंत्रात लाकडी बूट, 'साबो', फेकले म्हणून सॅबोटाज अशी गोष्ट सांगतात. ती बनावट दिसते. फ्रेंचमध्ये 'साबोते' म्हणजे बूट खडखडवीत चालणे, आणि त्यावरून काम वाईट, ओबडधोबड करणे. 'पैसे कमी तर काम कच्चे' या अर्थाने १८९७ मध्ये फ्रेंच कामगार संघटनांच्या तुलूझच्या परिषदेने तो स्वीकारला. त्यात मारणे-मरणे काहीच नव्हते.

२ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात हॉल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या पोलिसांनी दस्त्याला गाठले. मानिवलीचे हिराजी पाटील आणि भाई कोतवाल तिथे मारले गेले. ना खटला, ना आरोपपत्र, त्यामुळे कोणता शब्द लावायचा हा प्रश्न न्यायालयापुढे आलाच नाही.

त्याच सुमारास साताऱ्यात नाना पाटलांचे 'प्रति सरकार' चालू होते. त्यांनी स्वतः निवडलेले नाव साधे होते, सरकारला समांतर सरकार. लोकांत झाले 'पत्री सरकार', कारण जुलमी गावगुंडाच्या तळपायाला पत्री ठोकल्याच्या कथा गावोगाव पोचल्या होत्या. त्यांच्या तुफान सेनेने ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची आगगाडी अडवली, आणि १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याजवळ चिमठाण्याला सरकारी खजिना घेतला. तुफान सेनेतले कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, म्हातारपणीही 'लुटला' हा शब्द ऐकून घेत नसत. पैसा लोकांचाच होता, तो लोकांकडे परत आणला, असे त्यांचे म्हणणे.

कॅप्टन भाऊंची ही चीड आम्हांला समजते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही नोकरीला असताना जेवणाच्या सुट्टीत सभा घेतली म्हणून आमच्यावर आरोपपत्र आले. चौदा जणांच्या सह्या घेऊन व्यवस्थापकांच्या खोलीत गेलो होतो. आरोपपत्रात लिहिले होते, 'टोळक्याचा म्होरक्या'. शिष्टमंडळाचा पुढारी असे त्याच भाषेत लिहिता आले असते. चौकशीत आम्ही बाकीचे सगळे आरोप बाजूला ठेवून एवढेच म्हटले की हे दोन शब्द बदला. चौकशी अधिकारी हसले. शब्द बदलले नाहीत आणि नोकरी गेली ती गेलीच. पण त्या दिवसापासून कोणाबद्दल टोळी हा शब्द वाचला की आम्ही दोनदा पाहतो की हे कोणी लिहिले आहे आणि त्याचे काय गेले होते. वारली लोकांचा १९४५ चा संप ठाणे जिल्ह्यातलाच. वेठ बंद आणि गवत कापणीची मजुरी वाढ एवढे मागणाऱ्यांच्या जमावावर त्या ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी काही माणसे मेली. जमीनदारांच्या तारांत तेही 'बंड'च होते.

तर आमच्या प्रदर्शनाचे काय झाले ते सांगून थांबतो. पुढच्या बैठकीत मुरबाडचा तो तरुण बोलला. त्याचे म्हणणे असे की क्रांतिकारक लिहिले तर माझ्या आजीला कळणार नाही, दरोडेखोर लिहिले तर मी प्रदर्शनाला येणार नाही, आणि हुतात्मा लिहिले तर ते कसे मेले एवढेच कळते, काय करत होते ते कळत नाही. तेव्हा पुठ्ठ्यांवर पदवी लिहिलीच नाही. राघोजी भांगरे : देवगाव, अकोले, सावकार आणि सरकारशी लढाई, ठाणे तुरुंगात फाशी, २ मे १८४८. भाई कोतवाल : माथेरान, वकील, धान्यकोठी, विजेचे मनोरे, सिद्धगड, २ जानेवारी १९४३. हिराजी पाटलांच्या पुठ्ठ्यावर मजकूर कमी पडला, म्हणून दोघे पोरगे रविवारी मानिवलीला जाऊन आले आणि हाताने लिहिलेली चार पाने घेऊन आले. वर मधोमध एक रिकामा पुठ्ठा ठेवला आणि खाली पेन्सील बांधली. संध्याकाळपर्यंत त्यावर एकवीस शब्द जमले होते. त्यांत 'गोरिला'ही होता.